उजव्या भिंतीला टेकलेलं लुगडं

अश्विनच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीला खिडकी आहे, पण तिच्यावर बाहेरून कुठला तरी फलक ठोकलेला आहे. दाराला पाठ लावून कलामावशी बसली होती. तिला उठवल्याशिवाय मला बाहेर पडता आलं नसतं. आई जाऊन आठ दिवस झाले होते. उद्या पुण्यानुमोदन, आणि भिंतीवर लावायला तिचा फोटो ठरत नव्हता.

"माह्या पोरीच्या लग्नातला घे नं," मावशी म्हणाली. "किती गोरी दिसते त्यात."

"ती आई वाटतच नाही, मावशी."

"मग मेल्यावर तरी होऊ दे तिले गोरी. जितेपनी कोनी होऊ देल्लं नाई."

अश्विन हसला. माझ्याकडे पाहून थांबला.

दुसरा फोटो मी काढलेला होता. वैशाख पौर्णिमेला, विहाराच्या अंगणात, सकाळच्या उन्हात. आईने माझ्या पहिल्या पगारातलं पांढरं लुगडं नेसलं होतं, बारीक निळ्या काठाचं, खळ घालून कडक केलेलं. मी तेव्हा नुकतीच हिस्टोग्राम वाचायला शिकले होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा तो आलेख. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि फोटोत ज्याचे ठिपके जास्त त्याचा डोंगर उंच. डोंगर आलेखाच्या उजव्या भिंतीला टेकला की तिथला तपशील जळाला, तो परत येत नाही, असं शिकवलं होतं.

पहिल्या फोटोत लुगडं भिंतीला टेकलं होतं. मी प्रकाश कमी करून दुसरा काढला. आलेख हवा तसा आला. मग आईला दाखवता दाखवता पहिला काढून टाकला.

"काऊन मिटवलं?" आई म्हणाली. "मी दिसत होती नं त्यात."

"जळाला होता तो, आई."

आता अश्विनच्या पडद्यावर तोच दुसरा फोटो होता.

"ताई, ग्राफ तर तुमचा एकदम कडक हाय," अश्विन म्हणाला. उजवीकडे लुगड्याचा डोंगर, भिंतीच्या बोटभर अलीकडे. प्रत्येक निरी मोजता येत होती. डावीकडे, भिंतीला चिकटून, एक बारीकसं टोक. ते टोक म्हणजे आईचा चेहरा. हिस्टोग्राम उजेड किती ते सांगतो, तो कोणाचा ते सांगत नाही. मी एका लुगड्याला वाचवलं होतं.

"फक्त चेहरा उचलून, उजळ करून पाहू?" त्याने उचलला. कापून चिकटवल्यासारखा दिसला.

"नको. सगळाच उचल."

"मंग लुगडं जाईन, ताई. अन् चेहऱ्यावर दाने येतील. फाइल लहान हाय."

कार्डात जागा उरावी म्हणून लहान फाइल मीच निवडली होती.

"उचल."

डोंगर सरकत गेला, भिंतीला टेकला आणि तिथेच उंच होत राहिला. निऱ्या गेल्या. काठ गेला. काळोखातून आधी भुवया आल्या, मग गालाचं हाड, मग तिची ती मिटलेली, काहीच न मागणारी जिवणी. सगळ्या चेहऱ्यावर राखाडी दाणे पसरले होते.

"पुसू का दाने?" अश्विनने विचारलं. "मऊ करतो."

"पुसू नको."

प्रिंट निघाली. मावशीने ती ओंजळीत घेतली आणि बराच वेळ पाहत राहिली. आईने भाताच्या गिरणीत बावीस वर्षं काढली होती.

"गिरनीतून अशीच येत होती थे," मावशी म्हणाली. "कोंड्यानं भरलेली. तोंड धुवाच्या आंधी."

तिने डोळे पुसले. मग प्रिंट उजेडाकडे तिरपी धरून बोट खाली, कोऱ्या पांढऱ्यावरून फिरवलं.

"पन लुगडं कुठी गेलं व, नूतन? तुह्या पगाराचं होतं नं ते. साऱ्या गावाले दाखवलं होतं तिनं."

अश्विन पडद्याकडे पाहू लागला. मावशी अजून दाराला पाठ लावूनच बसली होती.