चौथ्या पट्ट्यातली बहात्तर शून्यं

शुक्रवार होता. सूर्य मावळला की मुटिंटाचा शब्बाथ, शनिवारचा पवित्र विसावा, लागायचा. मग ती पेनालाही शिवत नसे. त्याआधी अहवाल लुसाकाला प्राध्यापकांकडे जायला हवा होता, आणि त्यांनी सकाळीच कळवलं होतं, ‘चौथा पट्टा काढून टाका. बाकीचे पाच पूर्ण भरलेत, तेवढे पुरे.’

चौथा पट्टा हामूंगाचा. हामूंगा तिचा नवरा.

मुंब्वाच्या पलीकडच्या या रानात सहा पट्टे होते. प्रत्येकाचे तीन तुकडे. एकाला मे महिन्यात, गवत ओलसर असतानाच आग लावायची. दुसऱ्याला ऑक्टोबरात, ते कडकडीत वाळल्यावर. तिसऱ्याला कधीच नाही. मसुकू या रानफळाच्या रोपांची उंची एप्रिलात आणि नोव्हेंबरात मोजायची. ज्याचा पट्टा त्यानेच मोजायचा, हा संशोधन केंद्राचा रिवाज. फेब्रुवारीत हामूंगा गेला. एप्रिलात मुटिंटा मोंझेला सासरी दुखवट्यात बसली होती. नोव्हेंबरात त्या पट्ट्याकडे कुणी गेलं नाही, आणि तिलाही कुणी जा म्हटलं नाही.

तिने प्राध्यापकांचं पत्र दोनदा वाचलं. वाईट वाटायला हवं होतं. बोट गारठल्यावर सुई टोचावी, तसं नुसतं कळलं.

सिलीलो दार न वाजवताच आत आला. केंद्राची आकडेमोड त्याच्याकडे. तो मासे खाणाऱ्या लोझी जमातीचा, ही गुरं राखणाऱ्या टोंगांची. या दोन जमातींच्या जुन्या रिवाजाने एकमेकांना वाट्टेल ते बोलायचा दोघांनाही हक्क. हामूंगाच्या दफनाच्या दिवशी तो सगळ्यांदेखत खड्ड्याच्या काठावर आडवा पडला होता आणि ओरडला होता, “ऊठ रे आळशा, मोजणी माझ्या गळ्यात टाकून कुठे निघालास!” बायका रडता रडता हसल्या होत्या. मुटिंटाला त्यातला फक्त त्याच्या बुटांवरचा चिखल आठवत होता.

“काय गं गुराखिणी, बैल विकलेस का? तोंड तसं दिसतंय.”

“मासेखाऊ, बस. वेळ नाही,” ती म्हणाली. “प्राध्यापक चौथा पट्टा वगळा म्हणतात.”

“म्हातारा अजून जुन्या हिशोबात आहे. सगळ्या ताटांत सारखे घास असले तरच त्याचं गणित चालतं.” तो खुर्ची ओढून बसला. “मी नव्या पद्धतीने करतो. प्रत्येक पट्टा म्हणजे एक घर धर. घराची माती वेगळी, म्हणून प्रत्येकाला त्याची त्याची सुरुवात द्यायची. मग सगळ्यांना मिळून एकच विचारायचं, आगीने काय झालं? एखाद्या घरातून कमी माणसं बोलली तरी त्याला हाकलायचं नाही.”

त्याने संगणकाचं यंत्र चालवलं. उत्तर आलं तसा तो पुढे वाकला.

“हे काय? जिथे आगच लावली नाही, तिथलीसुद्धा चौथ्यातली सगळी रोपं मेली?”

“कोण म्हणतं?”

“तूच. बहात्तर शून्यं आहेत इथे. छत्तीस रोपं, दोन मोजण्या.”

मुटिंटाने पडद्याकडे पाहिलं. मोंझेहून परतल्यावर जुन्या तक्त्याने रिकामी चौकट घेतली नव्हती. मग तिने शून्य टाकलं होतं. नोव्हेंबरात पुन्हा तेच. हात चालत होता, ती चालू देत होती.

“शून्य म्हणजे मेलेलं रोप,” सिलीलो म्हणाला. आवाजातली थट्टा गेली होती. “हामूंगा तर रोपाला हात लावल्याशिवाय शून्य लिहू द्यायचा नाही. तू पाहिलीस का ती?”

“नाही.”

“मग मेली कशी?”

तिने शून्यं पुसायला घेतली. चौकटी एकेक करून मोकळ्या होत गेल्या.

“आता आणखी एक विचारायचंय,” तो म्हणाला. “न विचारून चालत नाही. मोजणी का राहिली ते लिहावं लागतं. रोपं जळली म्हणून राहिली असेल, तर सगळा हिशोब फसतो. मोजणाऱ्याचं कारण वेगळं असेल, तर चालतं.”

“मोजणारा वारला.”

“आगीने नाही ना?”

“तापाने. तुला माहीत आहे.”

“माहीत आहे, बाई. तुझ्या तोंडून हवं.” तो यंत्राकडे वळला. “म्हणजे त्याच्या जाण्याचा झाडांच्या उंचीशी काही संबंध नाही. हे आपल्यासाठी चांगलं आहे.”

चांगलं. तो शब्द तिने ऐकला आणि मान हलवली.

यंत्र पुन्हा चाललं. चौथा पट्टा जागेवर होता. हामूंगा म्हणायचा, माझी रोपं सगळ्यांत उंच. होतीही. पण मापं थोडी, म्हणून हिशोबाने त्यांना बाकीच्या पट्ट्यांकडे जरा ओढून घेतलं होतं.

“किती ओढली?” तिने विचारलं.

“दोन बोटं. थोडं बोलणाऱ्याच्या शब्दाला गावाचा शब्द जोडतात, तसं.”

“तो भांडला असता.”

“माझ्याशी? रोज!”

कारणाच्या रकान्यात तिने पहिल्या ओळीत लिहिलं, ‘मोजणारा वारला’. सिलीलोने दाखवलं तसं कोपरा धरून खाली ओढलं. बहात्तर ओळी एका दमात भरल्या. मनात काही हलतंय का, ते तिने पाहिलं. मग सहाही पट्टे धरून अहवाल पाठवला आणि खाली लिहिलं, ‘चौथा पट्टा : मोजणी, हामूंगा.’

“एप्रिलात तिकडे कोण जाणार?” सिलीलोने विचारलं.

खिडकीतलं ऊन अजून टेबलाच्या कडेवर होतं.

“माझं नाव घाल,” मुटिंटा म्हणाली, आणि हात धुवायला उठली.