हरणाच्या आवाजातली मुलाखत

ऐक ना, मध्ये काही विचारू नकोस, आधी नुसतं ऐक. आमच्या ताईने काय करून ठेवलं माहितीये? म्हणजे चूक तिचीच आहे, शंभर टक्के, पण सगळं ऐकलंस ना की तुलासुद्धा तिच्यावर धड रागावता येणार नाही.

तर जिजूंची बदली झाली. थेट परदेशात. जिजू पूल बांधणारे इंजिनिअर, तिकडे कुठल्याशा खाडीवर मोठा पूल होतोय. ते घरी आले ते उड्या मारतच. बूटसुद्धा काढले नाहीत, आणि ताईने पहिला प्रश्न काय विचारावा? "ठकूच्या शाळेचं काय?"

ठकू म्हणजे त्यांची लेक. आठ वर्षांची. तिकडच्या साध्या शाळा तिकडच्या भाषेत, म्हणजे तिथे ठकूला पाणी मागायची पंचाईत. मग राहिल्या खासगी इंटरनॅशनल शाळा. फी कंपनी देणार होती, पण प्रवेश तुमचा तुम्ही मिळवा म्हणाले.

आता ठकूचं एक आहे हं. ती बोलते, छान बोलते, पण हळू. तोतरं वगैरे काही नाही. तू तिला विचार, "ठकू, जेवलीस का?" ती आधी तुझ्याकडे बघणार. मग छताकडे बघणार. तू म्हणशील हिला ऐकू गेलं नाही वाटतं, आणि विचारून विसरशील, तेव्हा कुठे उत्तर येणार, "जेवले, पण अजून थोडी भूक आहे." जिजू तिला मालगाडी म्हणतात. "उशिरा येते, पण रिकामी येत नाही!"

आणि आई कोण? तर आमची ताई! डबिंग आर्टिस्ट! टीव्हीवर ते नाचरं हरणाचं पिल्लू आहे ना, टुणटुण बोलणारं, ती ताई आहे. लहान मुलांचे आवाज काढण्यात तिचा हात कुणी धरत नाही. तिच्या धंद्यात पडद्यावरचे ओठ हलले की आवाज आलाच पाहिजे, गॅप पडली की टेक फुकट. त्यामुळे ताईला घरातसुद्धा शांतता सोसत नाही. ठकू विचार करत असते तेवढ्यात ताईने तिचं उत्तर देऊन टाकलेलं असतं. डॉक्टरकडे, दुकानात, वाढदिवसाला. "काय गं, केक आवडला?" "हो, खूप आवडला तिला!"

तर शाळा शोधायला बसले. ताईने लॅपटॉप मांडीवर घेतला तो आठवडाभर उतरवलाच नाही. कुठल्या शाळेत कुठला अभ्यासक्रम, कुठे वयाची अट अशी की ठकूला एक वर्ग खाली बसवतील, कुठे बस घरापर्यंत येते. शेवटी दोन उरल्या. एक भलीमोठी, पोहण्याच्या तलावाची. ताईचा जीव तिच्यात अडकला. दुसरी छोटीशी. तिची ऑनलाइन सफर चालू असताना मागच्या अंगणात कोंबड्या दिसल्या. खऱ्या कोंबड्या! मुलं त्यांना दाणे टाकतात, अंडी गोळा करतात.

ठकूने छताकडे बघितलं. मग म्हणाली, "ही."

"अगं पण त्या शाळेत तलाव आहे!" ताई म्हणाली.

"तलाव रोज तसाच असतो," ठकू म्हणाली. "कोंबड्या रोज वेगळं करतात."

जिजू हसून हसून सोफ्यावर आडवे. "घ्या! आता बोला!"

मग दोन्हीकडे अर्ज केले. जन्माचा दाखला, दोन वर्षांचे निकाल, लशींचं कार्ड, वर्गशिक्षिकेची शिफारस, सगळं गेलं. तलाववाल्यांनी नुसत्या कागदांवर हो म्हटलं. कोंबड्यांच्या शाळेत मात्र ठकूच्या वर्गात एकच जागा शिल्लक, आणि त्यांना हवा होता मुलीचा व्हिडिओ. स्वतःबद्दल काहीही बोला, पण दोन मिनिटांच्या आत. इथे घोडं अडलं. दोन मिनिटांत आमची मालगाडी स्टेशनातूनसुद्धा हलत नाही.

तरी ठकूने केला गं. खिडकीपाशी उभी राहिली आणि आपल्या इंग्रजीत, आपल्या चालीने बोलली. ताईने दातावर दात धरून एक शब्द मध्ये घातला नाही. मग ठकू गेली खेळायला आणि ताई व्हिडिओ कापायला बसली. आधी नुसत्या गॅप काढल्या. बघते तर एका वाक्यावर रस्त्यावरच्या ट्रकचा भोंगा. वाक्य पार गेलं. आता ताईच्या कामात हे रोजचंच, एवढासा तुकडा परत बोलून चिकटवायचा, त्याला पॅच म्हणतात. तिने सवयीने माइक ओढला, ठकूच्या आवाजात ते वाक्य म्हटलं, चिकटवलं. पण तुकडा वेगळा वाजायला लागला. मग आधीचं वाक्य बदललं. मग पुढचं. असं करता करता चेहरा ठकूचा आणि आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ताईचा! ओठ इतके जुळवलेले की जिजूंनासुद्धा कळलं नाही. पाठवून दिला. तिला खरंच वाटलं नाही गं आपण काही वाईट करतोय. तिच्यासाठी तो भोंगा काढणं होतं.

चार दिवसांनी शाळेतून मेल आला. 'किती चुणचुणीत, किती बोलकी मुलगी! तिला भेटायला आम्ही उत्सुक आहोत. ऑनलाइन मुलाखत घेऊ. पालकांनी कृपया खोलीत थांबू नये.'

बोलकी! ताई लॅपटॉप तसाच उघडा टाकून उठली. तिने जिजूंना सांगितलं. जिजूंनी डोक्याला हात लावला. "अगं, हे म्हणजे मी दुसऱ्याचा पूल दाखवून कंत्राट घेतल्यासारखं झालं."

"साहेब, आत्ता टोमणे नकोत. काय करू ते सांगा."

"लेकीला सांग आधी."

पण सांगायच्या आतच ठकूने लॅपटॉपवर तो व्हिडिओ लावलेला. ताई दारात उभी. ठकूने सगळा बघितला. छताकडे बघितलं.

"आई, हे हरणाचं पिल्लू आहे."

ताई आत आली. "अगं तो ट्रक आला ना मध्येच... म्हणून मी जरासं..."

"त्यांना हा आवाज आवडला?"

"अं... हो. पण ठकू..."

"बरं," ठकू म्हणाली आणि खेळायला निघून गेली. ताईला वाटलं, सुटलो! पोरीला काही वाटलं नाही. मुलाखतीत ठकू तिच्या चालीने बोलेल, त्यांना वाटेल आज जरा लाजतेय. झालं.

मुलाखतीचा दिवस. ताईचं घरी छोटंसं रेकॉर्डिंगचं खोपटं आहे, कपाटाएवढं, आतून रजया लावलेल्या. शांत म्हणून ठकूला तिथेच बसवलं. पालक खोलीत नकोत ना? मग ताई खोलीबाहेर, दाराला टेकून, कानाला हेडफोन. म्हटलं तर नियम पाळला.

समोर प्रवेश बघणाऱ्या बाई. गोड होत्या, चष्मा गळ्यात लटकवलेला. म्हणाल्या, "हॅलो, आमची शाळा तुला का आवडली?"

ताईने श्वास रोखला. आता गॅप पडणार. पण गॅप पडलीच नाही! हेडफोनमधून टुणटुण आवाज आला. झरझर, खिदळत, शब्दावर शब्द. हरणाचं पिल्लू! ठकू आईची नक्कल करत होती. आईने तिची नक्कल केली होती ना, त्या नकलेची नक्कल! चार दिवस गुपचूप सराव केला होता बयेने. आणि इतकी हुबेहूब की बाई खूश. हसतायत, विचारतायत, आणि ही फटाफट उत्तरं देतेय. आवडता खेळ? "पळणं, उड्या मारणं, सगळं सगळं!" मैत्रिणी? "खूप खूप!" आता ठकूला पळायचा कंटाळा आणि मैत्रीण एकच, तीही खालच्या मजल्यावरची. पण हरणाला शोभेल अशी उत्तरं ती तिथल्या तिथे शिवत होती.

जिजू बाजूला, ताईच्या हेडफोनला कान लावून, अंगठा वर करून उभे. त्यांना वाटलं पोरगी छान रंगात आलीय. जागा अगदी हातातोंडाशी आलेली. अजून दोन-तीन प्रश्न आणि संपलं असतं. पण ताईला ऐकवेना. तिला वाटलं, ह्या आवाजात हिला रोज शाळेत जावं लागणार. रोज! कोंबड्यांशीसुद्धा ही अशीच बोलणार!

तिने धाडकन दार उघडलं.

पडद्यावर बाई दचकल्या. ताईने हेडफोन गळ्यातच, एका दमात सगळं ओकून टाकलं. व्हिडिओ, भोंगा, पॅच, हरीण. "चूक माझी आहे, तिची नाही, ही अशी बोलत नाही."

आणि ठकू? तुला वाटेल रडली असेल, गळ्यात पडली असेल. छे! लालबुंद झाली.

"आई! मला जमत होतं ना!"

"अगं पण तो तुझा..."

"आधी माझ्याऐवजी तू बोललीस." मोठी गॅप. "आता मी बोलत होते, तर तू थांबवलंस."

आमची ताई, आयुष्यात जिने गॅप सोडली नाही, ती गप्प.

बाईंना मराठी कुठलं कळायला! त्यांनी विचारलं, "ती काय म्हणाली?" ताईने तोंड उघडलं, तेवढ्यात ठकूने हात वर केला. "मी सांगते." आणि सांगितलं. मालगाडीच्या चालीने, एकेक डबा करत, मध्ये छताकडे बघत. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "बरं, आता तू मला काहीतरी विचार." ठकू इतका वेळ गप्प बसली की जिजू इंटरनेट बघायला धावले. मग तिने विचारलं, "सुट्टीत कोंबड्या कोणाकडे जातात?"

बाई खो खो हसल्या. "माझ्याकडे. आणि माझं कुंपण दरवेळी तोडतात. आजवर कुणी विचारलं नव्हतं हे."

तुला वाटलं मिळाली ना जागा? नाही मिळाली. नियम म्हणजे नियम. व्हिडिओ तिचा नव्हता, म्हणजे अर्ज पहिल्यापासून, आणि तोवर ती जागा दुसऱ्या कुणाला गेली. ठकूचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं आहे. बाईंनी फोन करून सांगितलं, आणि ठकूशीही बोलल्या, कुंपणाबद्दल. तोवर तलाववाल्या शाळेत घातलंय तिला. पुढच्या आठवड्यात निघतायत.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठकू ताईशी बोलली नाही. ताईही, काय आश्चर्य, नुसती शेजारी बसून राहिली, एक शब्द नाही. शेवटी ठकू सरकत सरकत तिच्या मांडीवर आली, डोकं टेकवलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी दार उघडायच्या आधी टकटक कर."

आता आमच्या घरात दोन तट. आमची आई म्हणते, ताईने मूर्खपणा केला, पोरीला जमत होतं तर पाच मिनिटं कळ काढायची, आवाज काय नंतर बदलता आला असता. जिजू म्हणतात, दार उघडलं तेच बरं केलं. आणि ठकूला विचारलं तर ती अजून छताकडेच बघतेय. मला तर खरंच ठरवता येत नाही गं. तू सांग, हेडफोन तुझ्या कानात असते, आणि जागा अशी समोर आलेली असती, तर तू दार उघडलं असतंस?