राजाची अकरावी मिशी

कुंडलिक मास्तरांना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची. भोरच्या शाळेत चित्रकला शिकवताना ते मुलांच्या हातचा खडू धुऊन घेत. हॉटेलात चहा मागवत, कपाची कड निरखत आणि पैसे देऊन तसेच उठत. अशा माणसाला छंद कसला, तर परक्या लोकांनी चाटून चिकटवलेली टपाल तिकिटं जमवण्याचा. कुणी यावर बोट ठेवलंच तर ते म्हणत, मी चिमट्यानं धरतो.

त्यांचा जीव अडकला होता दूरच्या एका संस्थानाच्या जुन्या तिकिटात. एका तावात चार ओळींत सोळा तिकिटं, आणि कारागिरानं सोळाही ठसे वेगवेगळे हातानं कोरलेले. त्यामुळे राजा एकच, मिशा मात्र सोळा तऱ्हेच्या. सुटं तिकीट हाती आलं की मिशी बघायची, ते तावातल्या कितव्या घरातलं हे ओळखायचं आणि तिथं बसवायचं. या कामात मास्तरांचं लग्नाचं वय निघून गेलं होतं. तिकिटं भोर संस्थानाचीही होती, पण पहिली तर एकेक हातानं ठोकलेली. ना ताव, ना घर. त्यामुळे आपल्या राजावर मास्तर मनातून नाराज असत.

पंधरा घरं भरली होती. अकरावं रिकामं. येत्या रविवारी पुण्यात प्रदर्शन होतं, आणि असला ताव मांडणं म्हणजे पुढचा दात पडलेला असताना बोहल्यावर उभं राहणं, असं त्यांना वाटे.

त्याच आठवड्यात वेल्ह्याच्या एसटीवरचा कंडक्टर मानसिंग नसरापूरला त्यांच्या वहीत डोकावून सहज म्हणाला, आमच्या आईकडे हायेत की असली तिकिटं. त्याचा बाप त्याच संस्थानात घोड्यांच्या पागेत होता आणि परतताना या तिकिटांचा न वापरलेला ताव घेऊन आला होता. मास्तर तसेच त्याच्या गाडीत चढले आणि पुढची वाट तुडवत पासलीला त्याच्या घरी पोचले.

मानसिंगची आई, सगुणाबाई, ओट्यावर मिश्री लावत बसली होती. कानशिलावर चुन्यानं चिकटवलेला कागदाचा चौकोन. मास्तरांनी ताव विचारला. तिनं सांगितलं की ताव औषधाचा होता. डोकं उठलं की एक तिकीट कातरायचं, चुना लावायचा आणि कानशिलाला डकवायचं. नवऱ्यामागं तेवढाच आधार. सुटून पडलेली चुलीत गेली. एक भाकरीच्या पिठात पडलं, ते मानसिंगनं खाल्लं असावं. आता राहिलं हे एकच.

अख्खा ताव. एकही घर ओळखायची गरज नसलेला ताव. मास्तरांनी खिशातला चिमटा काढला आणि विचारलं, कातरायला कुठून सुरुवात केली होती? कडेकडेनं, ती म्हणाली. म्हणजे शेवटचं मधल्या चारांपैकी. अकरावं त्या चारांतच होतं. पण दिसत होती ती नुसती पाठ.

“राजाचं त्वांड आत पायजे,” सगुणाबाईनं समजावलं. “त्यानं बगितल्याबिगर दुखणं हलत न्हाई.”

“मग हे काढून बघू का, आजी?”

“दुखणं हललं की काढा. लई घाई आसंल तर हलवा तुमीच.”

मास्तरांनी तिचं डोकं चेपलं. केसांत एरंडेल होतं, एरंडेलात बरंच काही होतं. ते डोळे मिटून चेपत राहिले. कंटाळून का होईना, दुखणं हललं. मग चुना पाण्यानं सुटत नाही म्हणत सगुणाबाईनं बोट तोंडात घातलं आणि मिश्रीची काळी थुंकी कागदाच्या कडांना चोळली. मास्तरांनी चिमट्यानं तिकीट सोलून उलटं केलं.

कागद पांढरा फटक. शाई कच्ची, सगळी कानशिलावर उतरलेली. तिथं राजा उमटला होता, उलटा.

मास्तरांनी भिंग लावून नाक तिच्या कानाला टेकवलं. पंधरा मिशा त्यांना तोंडपाठ होत्या. उलट्या करून ताडायला वेळ लागला नाही. यातली एकही ती नव्हती. अकरावं घर पासलीतल्या एका म्हातारीच्या कातड्यावर होतं आणि ती म्हातारी तोंड धुवायला उठली होती.

“थांबा,” मास्तर म्हणाले, “हलू नका.”

उलट्याचा सुलटा करायचा तर तोच कागद ओला करून पुन्हा दाबायला हवा होता. पाणी चालणार नव्हतं, चुना पाण्याला दाद देत नव्हता. मास्तरांनी कागदाकडे पाहिलं. चुना, एरंडेल, घाम, मिश्री. त्यांनी तो जिभेवर ठेवला, पूर्ण भिजेपर्यंत ठेवला आणि तिच्या कानशिलावर अंगठ्यानं दाबला. सगुणाबाईनं लेकाला नंतर विचारलं म्हणे, ह्या मास्तराला घरी जेवाय देत न्हाईत का.

राजा आला. फिकट, पण सुलटा.

रविवारी परीक्षक अकराव्या घरापाशी थबकले. राजाच्या गालावरून आडव्या रेघा गेल्या होत्या. त्या सगुणाबाईच्या सुरकुत्या होत्या. परीक्षकांनी भिंगातून पाहून जाहीर केलं की ठशाला तडा गेल्याचा हा पहिलाच पुरावा. खातरजमा म्हणून ते वाकले आणि त्यांनी तिकिटाचा दीर्घ वास घेतला.

“अस्सल,” ते म्हणाले. “जुन्या कागदालाच हा वास येतो.”

आत टाळ्या पडल्या तेव्हा कुंडलिक मास्तर बाहेरच्या नळावर चुळा भरत होते.