बिननावाचा ग्रामोफोन

अल्बनीच्या हॉलमध्ये जुन्या वस्तू पारखायला बसलेल्या त्या तज्ज्ञाने ग्रामोफोनकडे दोन मिनिटंसुद्धा धड पाहिलं नाही. कर्णा हलवला, पेटी चारी बाजूंनी फिरवली, कुठेच कंपनीचं नाव दिसेना, तेव्हा खुशाल सांगून मोकळा झाला, की हा भारतात टुरिस्टांसाठी जुना भासवून बनवलेला माल आहे. वासंतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पेटी उघडून आतलं यंत्र बघायचे कष्टही या गृहस्थाला नकोत, आणि म्हणे तज्ज्ञ.

पण खरा चटका बसला तो गाडीत. हा ग्रामोफोन आपल्या वडिलांनी अडतीस साली पुण्यात नवा कोरा घेतला, हे त्यांचे पती चारुदत्त आयुष्यभर सांगत आले होते. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्यांचाच मुलगा गंधार गाडी चालवता चालवता म्हणाला, "आई, बाबांना गोष्टी रंगवून सांगायची हौसच होती. असू दे, गॅरेजमध्ये ठेवू."

"तुझे बाबा खोटं बोलत नव्हते," वासंतीबाई म्हणाल्या.

पुढचा आठवडाभर त्यांनी मुलाला सुखाने जेवू दिलं नाही. शेवटी गंधारने पापाटोएटो उपनगरातला रॉन शोधून काढला. सत्तरी ओलांडलेला, घरामागच्या शेडमध्ये जुनी यंत्रं दुरुस्त करणारा, पायात जॅन्डल्स, म्हणजे साध्या रबरी चपला. 'किया ओरा' असा इथला नमस्कार करून त्याने आधी हात धुतले, हे वासंतीबाईंनी बरोबर टिपलं. मग त्याने स्क्रू काढले, यंत्र उचलून पालथं केलं, चाकांचे झिजलेले दाते पाहिले, लाकडाचे आतले सांधे बोटाने चाचपले. अर्ध्या तासाने म्हणाला, की यंत्र आणि पेटी पहिल्यापासून एकत्रच आहेत, आणि दोन्ही चाळीस सालाच्या आधीची.

वासंतीबाईंनी गंधारकडे असं काही पाहिलं, की तो शेडचं छप्पर न्याहाळू लागला. त्या अल्बनीच्या शहाण्याला इथे आणून उभा कर, असं त्यांनी त्याला दोनदा बजावलं.

रॉनचं अजून संपलं नव्हतं. पेटीच्या पुढच्या अंगाला पितळेची गुळगुळीत पट्टी होती. तिच्यावर त्याने पातळ कागद धरला आणि पेन्सिल हलकेच फिरवली. कागदावर कुठल्याशा नावाची शेवटची दोन अक्षरं आणि अर्धा आकडा उमटला. पट्टीच्या कडेतून त्याने टाचणीने लाल पूड काढली आणि विचारलं, हा कसला रंग? आणि नाव असं कोणी घासून काढलं, माल चोरीचा होता की काय?

इतका वेळ तावातावाने बोलणाऱ्या वासंतीबाईंनी ती पूड बोटावर घेतली. ते कुंकू होतं. दर दसऱ्याला शिवणयंत्र, स्कूटर आणि हा ग्रामोफोन यांची पूजा व्हायची. त्याआधी पितळ लखलखीत हवं म्हणून त्या चिंच लावून, वर राखेने खसाखसा घासायच्या. अशी एकेचाळीस वर्षं. पट्टीवर कधीकाळी इंग्रजी अक्षरं होती खरी, पण ती कधी गेली हे त्यांना आठवेना. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला चारुदत्त म्हणाले होते, अगं, पट्टी जरा जपून. पूजेला मळकं चालतं का, असं वासंतीबाईंनी फाडकन सुनावलं होतं. पुन्हा चारुदत्तांनी तो विषय काढला नाही.

"काय सांगू त्याला?" गंधारने हळूच विचारलं.

"सांग, चोराने नाही, मी पुसलं." त्या संतापून म्हणाल्या. "आणि तो माणूस एकेचाळीस वर्षं नुसता बघत बसला. एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर."