माझ्याच मांडीवर बसून लावलेली बोली

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. मी डूख धरणारी आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना गोड गोष्ट हवी असेल, त्यांनी शेजारच्या स्टुलाला विचारावे. त्याला कुणीही लाथ मारली तरी चालते.

माझे पाय ओतीव लोखंडाचे, हात लाकडाचे आणि पाठ लाल रेक्झिनची. माझ्या मालकांनी मला हौसेने घेतले आणि उभे आयुष्य माझ्यामागे उभे राहून लोकांच्या दाढ्या केल्या. सकाळी ते आधी मला पुसत, मग आरसा. एकदा माझी डोक्याची उशी उसवली, तेव्हा त्यांनी चपला शिवायच्या पिवळ्या दोऱ्याने ती स्वतःच शिवली. टाके इतके वाकडे आले की मालकांची लेक त्या टाक्यांना मांजरीच्या मिशा म्हणायची. गिऱ्हाइके माझ्यावर बसून घोरत असत. खुर्चीची याहून मोठी स्तुती नसते.

पुढे मालकांचा हात थरथरू लागला आणि दुकान बंद पडले. ते दवाखान्यात असताना त्यांच्या धाकट्या भावाने मला कवडीमोलाने विकून टाकले. घरी आल्यावर मालकांनी भावाशी बोलणे सोडले आणि घराबाहेर पडणेही सोडले. हे मला नंतर कळले. मी तेव्हा एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या गोदामात धूळ खात होते.

व्यापाऱ्याने मला ऑनलाइन लिलावात टाकले. इकडे लेकीने स्वतःचे सलून काढले होते. "ती खुर्ची आली तर मी दुकानात येऊन बसेन," एवढेच बाबा तिला म्हणाले होते. माझा फोटो दिसताच तिने बोली लावली. लगेच वरची बोली आली. तिने पुन्हा वाढवली, पुन्हा वरची आली. ती कुठून येते, हे मला चांगलेच ठाऊक होते. व्यापाऱ्याचा मेहुणा माझ्याच मांडीवर बसून मोबाइलवर बोटे चालवत होता.

"दाजी, पोरीनं परत वाढवली."

"मग तूही वाढव. बापाची खुर्ची आहे असं स्वतःच लिहून कळवलंय तिनं. सोडतेय कुठली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा मागचा खटका झिजलेला आहे, हे मालकांना माहीत होते, मेहुण्याला नव्हते. तो रेलला आणि मी त्याला उताणे पाडले. तेवढ्याने माझे समाधान झाले नाही.

पण पुढचे काम त्याने स्वतःच केले. बोलीसाठी उघडलेले खोटे खाते खरे वाटावे म्हणून दाजींनी त्याला फोटो लावायला सांगितला. शहाण्याने माझ्यावरच बसून, उशीला डोके टेकवून फोटो काढला. त्याच्या कानाशी पिवळे टाके लख्ख दिसत होते.

लेकीला संशय आलाच होता. हे गिऱ्हाईक फक्त याच व्यापाऱ्याच्या वस्तूंवर बोली लावत होते. मग तिने तो फोटो मोठा करून पाहिला. मांजरीच्या मिशा तिने लगेच ओळखल्या; बोली लावणारा व्यापाऱ्याच्याच गोदामात बसला होता. तिने सगळे पुरावे जपून ठेवले, आणखी एकदा बोली वाढवली, मेहुण्याला त्याहून वरची बोली लावू दिली आणि थांबली. लिलाव मेहुण्याने जिंकला. आपलीच खुर्ची आपल्याच गळ्यात, वर संकेतस्थळाचे कमिशन. त्या दोघांची तोंडे पाहून मला जे सुख झाले, ते नव्या पॉलिशनेही कधी झाले नव्हते.

आधीचे गिऱ्हाईक फिरले, तुम्हीच घ्या, असा व्यापाऱ्याचा निरोप गेला. लेकीने सगळे पुरावे थेट संकेतस्थळाकडे पाठवले. व्यापाऱ्याचे खाते थांबवले गेले. तेव्हा तो मला टेम्पोत घालून तिच्या दारात आला.

"ताई, पहिल्या बोलीच्या भावात घ्या, पण तेवढी तक्रार मागे घ्या."

तिने तेवढे पैसे त्याच्या हातात ठेवले. "खुर्ची घेतली. बसा काका, दाढी करून देते."

मिटले, असे समजून तो ऐसपैस बसला. तिने फेस लावला, उजवा गाल गुळगुळीत केला आणि वस्तरा मिटून ठेवला.

"आता डाव्या गालासाठी बोली लावा."

व्यापारी कसनुसा हसला आणि त्याने रोजच्या दाढीचा दर सांगितला.

"माझे दुप्पट," दारातून आवाज आला. खुर्ची आली हे कळताच बाबा घरच्या कपड्यांवरच निघून आले होते.

"माझे तिप्पट," बाकावर बसलेला म्हातारा पोस्टमन म्हणाला.

"अहो, तुम्हाला माझा गाल कशाला हवाय?"

"नकोय," बाबा म्हणाले. "किंमत चढायला नको का?"

व्यापारी तसाच उठला आणि अर्ध्या फेसासकट भर रस्त्याने गेला. तक्रार कुणी मागे घेतली नाही. त्याचे खाते कायमचे बंद झाले. बाबा आता रोज येतात, आधी मला पुसतात आणि मग स्वतः माझ्यावर बसतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांच्या सांध्यांना वेळेवर तेल द्या. लिलावात आपली नड विकणाऱ्याला कळू देऊ नका. समोरची बोली उगाच चढत असेल तर हात आखडा, पुरावा ठेवा आणि खुशाल तक्रार करा. आणि तो मेहुणा कुठे भेटलाच, तर त्याला माझा निरोप द्या. म्हणावे, दाढी वाढली असेल तर ये. मी वाट पाहत आहे.