डायलवरचं कुंकू

कापसाच्या जिनिंगच्या मालकांच्या लेखी विजेचे ब्रेकर दोनच प्रकारचे असतात. पडतो तो खराब आणि पडत नाही तो चांगला. हदगावच्या रामलिंगशेठचा फोन आला तेव्हाही तेच रडगाणं होतं. "मॅडम, आमचा मेन ब्रेकर बिघडला हाय. दिवसातून दोनदा पडून राहिला. दुरुस्त करा न्हाई तर बदला." ताप आला की थर्मामीटर फोडणारी माणसं ही. मी नांदेडहून सकाळची बस धरली.

ब्रेकर तपासायचे आणि त्यांची सेटिंग लावायची, हे माझं काम. सात वर्षं करते आहे, आणि यातलं माझ्याइतकं कळणारा माणूस या जिल्ह्यात मला तरी भेटलेला नाही. मोठ्या ब्रेकरच्या तोंडावर एक इलेक्ट्रॉनिक डबी असते, ट्रिप युनिट. तिच्यावर स्क्रूड्रायव्हरनं फिरवायच्या चार छोट्या डायल. किती करंट किती वेळ सोसायचा आणि कधी तोडायचा, ते तिथं ठरतं. त्यातली शेवटची अर्थ-फॉल्टची. वायरचं कातडं फाटून करंट यंत्राच्या लोखंडात शिरला, की ताबडतोब तोड, एवढंच तिचं काम. जिनिंगमध्ये ही डायल ज्यानं वर चढवून ठेवली त्याला मी माणसात धरत नाही. कारण तिथं ठिणगी पडते ती सैल कापसाच्या ढिगात.

पॅनेलच्या खोलीत शिरले तर चारही डायल उजवीकडं टोकाला. एकही सोडलेली नाही. ट्रान्सफॉर्मर साडेसहाशे अँपिअरचा आणि ब्रेकर हजारापर्यंत ढिम्म बसणार. वर डबीला हळद फासलेली, आणि प्रत्येक डायलच्या कडेला तेलात कालवलेल्या कुंकवाचा एकेक ठिपका. दसऱ्याला यंत्रांची पूजा करतात हे मला माहीत आहे. पण इतका भक्तिभाव असलेल्या माणसांना वर्षातून एकदा पॅनेल झाडायला काय होतं, ते कळत नाही.

ट्रिप युनिटची नोंद उघडली. महिन्यात एकोणीस वेळा पडला होता, एकोणीसही वेळा अर्थ-फॉल्टवर. आता डायल टोकाला असताना तो पडणं शक्यच नव्हतं. म्हणजे कोणीतरी डायल खाली-वर करत होतं.

"ह्यो करतो," रामलिंगशेठनं कोपऱ्यात उभ्या माणसाकडं हनुवटी उडवली. "व्यंकटी. आमचा ऑपरेटर. सारखं बोट घालून राहतो त्याच्यात."

व्यंकटी पन्नाशीचा, खाकी शर्टातला, कानामागं टेस्टर खोचलेला. मी विचारलं, "तू डायलला हात लावतोस?"

त्यानं शेठकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हाव. लावतो."

झालं. माकडाच्या हाती कोलीत, दुसरं काय! दहावी नापास माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन खेळतो आणि मालक शंभर बायका कामाला असलेला कारखाना त्याच्या भरवशावर सोडतो. मला दोघांचीही किळस आली. मी मीटर लावून वायरी तपासल्या, तर गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या मोटरची केबल लोखंडी कडेला घासून सोललेली निघाली. "ही बदला. हिच्यामुळंच पडतो. ब्रेकर शहाणा आहे, तुम्ही नाही," मी शेठना तोंडावर सांगितलं.

"सीझन संपू द्या मॅडम. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग हाय."

मी हिशोब मांडला, चारही डायल जिथं हव्यात तिथं आणल्या. मग स्पिरिटचा बोळा घेऊन ती डबी लख्ख पुसायला लागले.

"ताई, कुंकू नका पुसू," व्यंकटी पुढं आला.

"का? देव कोपेल?"

"तसं न्हाई..." त्यानं पुन्हा शेठकडं पाहिलं आणि गप्प बसला.

मग मी त्याला व्याख्यान दिलं. विजेला कुंकू कळत नाही, अँपिअर कळतो, वगैरे. फार छान बोलले असं तेव्हा मला वाटलं. शेठही हसले. ठिपके पुसले, डबीच्या पारदर्शक झाकणाला सील ठोकलं आणि अहवालात ओळ लिहिली: 'ऑपरेटर अनधिकृतपणे सेटिंग बदलतो, त्यास पॅनेलपासून दूर ठेवावे.' खाली सही आणि शिक्का.

अकराव्या दिवशी शेठचा फोन. आवाजात नुसतं तूप.

"मॅडम, तुमच्या हाताला लई यश बघा! एकदाबी पडला न्हाई. त्या व्यंकटीला काढलं दुसऱ्याच दिवशी, तुमचा कागद दाखवला अन् वाटंला लावला. आता तेवढं विम्याचं वार्षिक सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर धाडा."

"केबल बदलली?"

"सीझन संपू द्या की."

फोन ठेवला. मी लावलेल्या सेटिंगवर ती केबल रोज ब्रेकर पाडायला हवी होती. अकरा दिवस पडला नाही म्हणजे सील तोडलेलं होतं. आणि ते व्यंकटीनं तोडलं नव्हतं, कारण व्यंकटी तिथं नव्हताच.

मी त्या जिनिंगची जुनी फाइल काढली. चार वर्षांपूर्वीचा अहवाल भागवत सरांच्या अक्षरातला. ज्यांनी मला हे काम शिकवलं ते सर, आता निवृत्त होऊन लातूरला असतात. त्यांच्या चार डायलचे आकडे आणि माझे आकडे तंतोतंत एक. मी त्यांना फोन लावला.

"अगं, तो रामलिंग लई बेरकी," सर म्हणाले. "मी डायल लावून निघालो की हा वर चढवणार. मार्करनं खुणा केल्या, तर यानं दुसऱ्या दिवशी थिनरनं पुसल्या. मग व्यंकटीला म्हणलं, बाबा, तुला या डायलवरचे आकडे कळत नसले तर नसू दे, मी कुंकवानं ठिपके देतो. मालकानं डायल वर केली की तू परत ठिपक्यावर आणायची. चार वर्षं करतोय बघ तो. पूजेच्या कुंकवाला हात लावायची तिथं कोणाची छाती नाही."

"आणि ठिपकेच नसले तर?" मी विचारलं.

"का गं? कोणी पुसलं का काय?"

"मी पुसलं सर."

मग सर एवढंच म्हणाले, "व्यंकटीची बायको तिथंच कामाला आहे. पारूबाई. प्रेसपाशी."

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणे. मी तर सुळीवर सही-शिक्काही मारून दिला होता.

दुपारी हदगावला पोचले. पॅनेलच्या खोलीत रुद्रेश नावाचा शेठचा भाचा मोबाइल बघत बसला होता. सील तुटलेलं, चारही डायल टोकाला. खिडकीतून प्रेस दिसत होती. तिच्या पायाशी गुडघाभर रुई, आणि त्या रुईत उभी राहून डोक्याला फडकं बांधलेली एक बाई दोन्ही हातांनी कापूस आत लोटत होती. मोटर हिसका द्यायची तेव्हा तिच्या मागं, लोखंडी कडेपाशी, निळं काहीतरी चमकून जायचं.

मी लाल बटण दाबलं. सगळं जिनिंग एका दमात गप्प झालं. ब्रेकरला माझं कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

रामलिंगशेठ धावत आले. "कामून बंद केलं? किल्ली द्या!"

"व्यंकटींना देईन. आधी केबल बदला, मग त्यांना बोलवा. नाही तर सर्टिफिकेट विसरा, आणि मी काय पाहिलं ते विमावाल्यांना लेखी कळवते."

"अहो, तुमच्याच सहीचा कागद हाय! तुम्हीच लिवलं त्याला दूर ठेवा म्हून."

हे खरं होतं. इतका वेळ ज्या माणसाला मी मूर्ख समजत होते, त्यानं माझ्याच कागदानं मला थोबाडीत दिली. आणि मूर्ख तर तो नव्हताच. त्यानं माझी घमेंड बरोबर ओळखली होती आणि बरोबर वापरली होती. मी दुसरा कागद काढला आणि त्याच्यासमोर लिहिलं: 'माझा आधीचा अहवाल चुकीचा आहे. ऑपरेटर व्यंकटी सेटिंग बरोबर ठेवत होते. मालक बदलत होते.' सही केली. शिक्काही मारला.

बाहेर कापसाच्या गाड्यावाले आरडाओरड करायला लागले, तेव्हा कुठं शेठनं केबलवाल्याला फोन लावला. तीन तासांनी नवी केबल पडली. पारूबाईंनी व्यंकटींना घरून बोलावून आणलं. ते तोच खाकी शर्ट घालून आले. टेस्टर मात्र कानामागं नव्हता.

मी किल्ली पुढं केली. माफी मागायचं ठरवलं होतं, पण सवय जात नाही. तोंडातून तक्रारच निघाली. "काका, तुम्ही त्या दिवशीच सांगायचं ना मला!"

व्यंकटींनी किल्ली घेतली. आवाज चढवला नाही.

"ताई, तुम्ही इचारलं, हात लावतो का. लावतो म्हणलो. कामून लावतो, ते तुम्ही इचारलंच न्हाई."

मी चारही डायल जागेवर आणल्या. पारूबाई दारातच उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं कुंकू मागितलं. त्यांनी कमरेची पिशवी उघडली, करंडा काढला, आणि माझ्या हातात न देता नवऱ्याच्या हातात दिला.