छावणीचा ढीग

लोक दान म्हणून काय काय देतात ते एकदा डोळ्यांनी बघावं, माणसाचा दानधर्मावरचा विश्वासच उडेल. जुन्या कपड्यांच्या गोदामात कपडे निवडणारा, म्हणून सगळे ज्याला निवड्या म्हणत, तो रोज ते बघायचा. घामाने पिवळ्या पडलेल्या बनियनी, भोकं पडलेले मोजे. एकीने तर बाळाचं दुपटं घाणीसकट गाठोड्यात कोंबलेलं. एवढं पुण्य पदरात पाडून ती बाई रात्री शांत झोपली असेल!

टेबलामागे तीन ढीग. धड कपडे दुकानात, फाटके चिंध्यांत आणि धड ना फाटके ते मधल्या ढिगात, निर्वासितांच्या छावणीसाठी. हा मधला ढीग रोज वजनाला भरलाच पाहिजे, असा मुकादमाचा दंडक. कमी पडला की चिंध्यांतलं उचलून तिकडे सारायचं.

निवड्या त्याच छावणीतून आलेला. गाव पेटलं तेव्हा नेसत्या कपड्यांनिशी दोघं भावंडं सरहद्द ओलांडून आली होती. काम मिळालं म्हणून तो बाहेर पडला, धाकटी बहीण तिथंच अडकली. राहायला खोली आणि तिच्यासाठी काम दाखवल्याशिवाय तिला कोणी सोडणार नव्हतं. म्हणून त्याने तोंडातून ब्र काढला नाही. सुरुवातीला ओकाऱ्या काढल्या, पुढे नाकच मेलं.

अखेर खोली मिळाली. मुकादमाने बहिणीलाही टेबलाशी उभं केलं. "आजचा दिवस बघतो. नाही जमलं तर परत छावणीत."

तिने पहिलाच सदरा उचलला. कॉलरवर वाळलेली ओकारी.

"शी! दादा, हा चिंध्यांत ना?"

"नाही, मधल्या ढिगात टाक. वजन भरायचंय."

"अरे, माणसं घालणार हे?"

"घालतात गं. त्यांना कसली आलीय किळस!"

बोलून गेला आणि त्याच्याच अंगावर शहारा आला.

"काल सकाळपर्यंत मी तिथंच होते, दादा," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात मुकादम येऊन टेबलाशी थांबला. बहिणीने मान खाली घातली. सदरा मधल्या ढिगात टाकला. पुढची पँट उचलली, डाग पाहिला, आणि काही न विचारता तीही तिकडेच भिरकावली.

"चटपटीत आहे हो तुझी बहीण," मुकादम म्हणाला. "राहू दे तिला."

हेच ऐकण्यासाठी निवड्याने इतके दिवस जीव टांगणीला लावला होता. तो लाचारासारखा हसला, आणि त्या हसण्याची त्याला शिसारी आली. तिच्याकडे बघायची हिंमत होईना. ती मात्र झपाझप कपडे टाकत होती.